आधी पाण्याची वाट, मग शाळेचा चौथरा

महोदय,

सिंधुदुर्गात गणपतीच्या मूर्ती जिथे घडतात, त्या जागेला आम्ही ‘शाळा’ म्हणतो. गावातली घरे आपापला पाट शाळेत आणून देतात आणि त्या पाटावर मूर्ती उभी राहून, सुकून, रंगून चतुर्थीला घरी जाते. म्हणजे कोकणात पाऊस सर्वांत जास्त असतो त्याच महिन्यांत या कामाला कोरडी जमीन लागते. घराच्या पडवीत जागा पुरेना म्हणून तीन वर्षांपूर्वी मी परसात वीस बाय तीस फुटांची नवी शेड बांधली. त्या वेळी जे चुकले ते इतरांचे चुकू नये आणि ग्रामपंचायतींनीही त्याची दखल घ्यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे परसू डोंगराच्या कुशीला आहे. वरच्या काजूच्या बागेतून उतरणारे पाणी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेने एका जुन्या चरातून व्हाळाला (ओढ्याला) मिळत असे. मार्च महिन्यात काम सुरू झाले तेव्हा तो चर पाचोळ्याने भरलेला आणि कोरडा ठणठणीत होता. ठेकेदाराने जागा सपाट करताना त्याच्यावरच भराव घातला आणि मीही काही बोललो नाही, कारण उन्हाळ्यात त्या चराचे काम डोळ्यांना दिसत नाही. पुनर्वसू नक्षत्रातल्या एका रात्री मुसळधार पाऊस झाला. पहाटे शेड उघडली तेव्हा मागच्या भिंतीच्या तळातून पाणी पाझरत होते आणि खालच्या ओळीतल्या अकरा पाटांवरच्या मूर्तींची बैठक मऊ पडून खचली होती. तेवढ्यात खालच्या अंगाचे काका छत्री घेऊन आले आणि एवढेच म्हणाले, “अरे, तुझा पाणी माझ्या बावीत इला.” त्यांच्या विहिरीचे पाणी गढूळ लाल झाले होते. मूर्ती पुन्हा घडवता आल्या, पण त्या घरी महिनाभर पिण्याचे पाणी दुसरीकडून आणावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

पाणी किती असते याचा हिशेब बांधकामाआधी फारसा कोणी करत नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. माझे छप्पर सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसूल खाते ती अतिवृष्टी धरते. तेवढ्या पावसात एकट्या या छपरावरून ३,६०० लिटरच्या वर पाणी उतरते आणि २०० मिलिमीटरच्या दिवशी ते ११ हजारांवर जाते. पूर्वी हेच पाणी परसभर पसरून गवतात, मातीत जिरत होते, ते आता पागोळीच्या एका ओळीत जोत्याच्या पायथ्याशी आदळते. त्यात आमचा जांभा सच्छिद्र आहे. त्यातून मुरलेले पाणी खालच्या शेडीच्या, म्हणजे मऊ चिकणमातीच्या थरावर अडते आणि आडवे सरकत थेट बांधकामाच्या पायात शिरते. वरून कितीही सिमेंट लिंपले तरी ही ओल थांबत नाही. तिला वरच्या अंगालाच चर खणून वळवावे लागते आणि तो चर जोत्याच्या तळापेक्षा खोल असावा लागतो.

दुसरी चूक भरावाची. शेडच्या जागी तोडलेल्या माडाचा बुंधा काढायचा कंटाळा केला आणि त्याच्यावरच माती ओतली. दोन पावसाळ्यांत तो कुजला, त्या जागी कोबा परातीएवढा खचला आणि भेगेतून वाळवी वर आली. वरची भुसभुशीत माती, मुळे, खुंट सगळे काढून, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुमसाने ठोकला असता तर दोन आठवडे जास्त गेले असते, इतकेच.

गेल्या वर्षी मी सगळे नव्याने केले. आषाढात भर पावसात, जिथून पाणी खरोखर वाहते तिथे खुंट्या मारून ठेवल्या आणि दिवाळीनंतर गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने उतार मोजून, शंभर फुटांना एक फूट उतार धरून चिऱ्याचा चर व्हाळापर्यंत नेला. पाइप पुरण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता, पण काजू-फणसाच्या पानांनी पुरलेला पाइप कधी तुंबतो ते कळत नाही, तर उघडा चर फावड्याने दहा मिनिटांत साफ होतो. छपराच्या पाण्यासाठी शोषखड्डाही मी टाळला. आमच्याकडे जुलैत जमीनच तुडुंब असते, तिथे खड्ड्याने शोषायचे कुठे? शाळेतले माती आणि रंग मिसळलेले पाणी मात्र या चरात सोडत नाही. ते वेगळ्या टाकीत निवळू देतो आणि तळाशी बसलेला गाळ काढून घेतो.

शेजारधर्माइतकीच ही कायद्याचीही बाब आहे. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू देण्याचे बंधन खालच्या मालकावर असल्याचे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या सातव्या कलमातील दाखल्यांत सांगितले आहे; पण छपरावरून गोळा करून एका जागी सोडलेल्या लोंढ्याला नैसर्गिक वाहणे म्हणता येत नाही. शेतजमिनीवरच्या पाण्याची नैसर्गिक वाट कोणी अडवली, तर तो अडथळा काढण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारांना दिला आहे. मात्र ती वेळ येईपर्यंत दोन घरांचे बोलणे बंद झालेले असते.

मी परवानगीसाठी दिलेल्या नकाशात भिंती, दारे, खिडक्या, अंतरे सगळे होते. पावसाचे पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार याची एकही रेघ नव्हती आणि ती कोणी मागितलीही नाही. माझी विनंती एवढीच आहे की, घराच्या आवारात शेड किंवा कारखाना बांधण्यासाठी अर्ज आला की, ग्रामपंचायतीने नकाशावर पाण्याची वाट दाखवायला सांगावी, खालच्या अंगाच्या शेजाऱ्याला त्या वेळी बोलावून घ्यावे आणि जागेची पाहणी मे महिन्यात न करता मृग-आर्द्राच्या पावसात करावी.

– एक मूर्तिकार, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग