मंत्रीमहोदय, समुद्राची मोजणी मध्येच तोडू नका

मा. मंत्रीमहोदय,
सागर विज्ञान व हवामान बदल

स.न.वि.वि.

फ्लोट, म्हणजे समुद्राचे पाणी मोजणारे स्वयंचलित यंत्र, समुद्रात सोडायला पाच मिनिटेही लागत नाहीत. साधारण माणसाच्या उंचीचे ते नळकांडे पुठ्ठ्याच्या खोक्यातच असते. जहाजाचा वेग कमी करायचा, दोघांनी दोर धरून खोके मागच्या कठड्यावरून हळूहळू खाली सोडायचे, पाण्याला टेकले की दोर ओढून घ्यायचा. खोक्याचे पट्टे ज्या कडीने अडकवलेले असतात ती कडी पाण्यात विरघळते, पुठ्ठा उघडतो आणि नळकांडे सुटून बुडी मारते. अशी खोकी मी कितीतरी वेळा उतरवली आहेत. दर वेळी दोर रिकामा हातात आला की क्षणभर पोटात कालवते, कारण ते यंत्र आता परत येणार नसते. येणार असतात ती फक्त त्याने पाठवलेली नोंदींची पत्रे, दर दहा दिवसांनी एक.

त्या यंत्रांसाठी मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे. समुद्र आणि हवामान बदल म्हटले की आपल्या टेबलावर मोठमोठे आराखडे येत असणार, त्यातले काही चांगलेही असतील. माझे मागणे त्या मानाने लहान आहे: समुद्र मोजण्याचे काम अखंड चालेल अशी कायमची तरतूद करा. तीन वर्षांचा प्रकल्प, मग मुदतवाढ, मग पुन्हा प्रस्ताव, या फेऱ्यातून ते बाहेर काढा.

माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकून राहते, तिच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने शोषली आहे. दरवर्षी आपण जो कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला सुमारे पाव हिस्साही तोच घेतो. समुद्राने आपले अपराध आजवर पोटात घातले आहेत, आणि पोटात घातलेले वरून दिसत नाही. तापलेले पाणी फुगते, सागरपातळी चढते. पाण्यातला प्राणवायू १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत सुमारे दोन टक्क्यांनी घटला. पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू (pH) औद्योगिक क्रांतीपासून ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण सामू लघुगणकी मापात मोजतात, त्यामुळे त्याचा अर्थ आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली असा होतो. यातली एकही गोष्ट किनाऱ्यावर उभे राहून कळत नाही. ती कळली, कारण कोणीतरी वर्षानुवर्षे, तीच ती जागा, त्याच पद्धतीने मोजत बसले.

फ्लोट करतो काय, हे सांगते. तो हजार मीटर खोल जाऊन तिथल्या प्रवाहाबरोबर नऊ-दहा दिवस वाहतो. मग दोन हजार मीटरपर्यंत उतरतो, आतले तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलून स्वतःला हलका करतो, आणि वर येता येता पाण्याचे तापमान, क्षारता व दाब नोंदवतो. वर आला की उपग्रहाकडे नोंदी पाठवतो आणि पुन्हा बुडतो. जगभरात असे सुमारे ४,००० फ्लोट आहेत. सुमारे तीस देशांनी मिळून चालवलेल्या या जाळ्याचे नाव आर्गो. त्याच्या नोंदी साधारण एका दिवसात जगात कोणालाही फुकट मिळतात. वादळाचा जोर, पावसाचा हंगामी अंदाज, समुद्री उष्णतेच्या लाटा या सगळ्यांच्या गणितात त्या जातात.

फ्लोटची बॅटरी चार-पाच वर्षे टिकते. म्हणजे जाळे आहे तेवढे राखायचे तरी दरवर्षी आठशेच्या आसपास नवे फ्लोट टाकावे लागतात. पैसा थांबला म्हणून जाळे त्या दिवशी फाटत नाही, आणि घोळ इथेच होतो. पहिले वर्षभर काही जाणवत नाही. मग एकेक पत्र यायचे बंद होते. नकाशावर भोके पडतात, आणि आधी पडतात ती दक्षिण महासागरासारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात जहाज सहसा फिरकतच नाही.

हे घडून गेलेले आहे. १९८२-८३ चा प्रचंड एल निनो ऐन भरात येईपर्यंत जगाला नीट उमगला नव्हता. त्या फटक्यानंतर प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या आजूबाजूला तळाशी नांगरलेल्या सुमारे ७० बोयांची (तरंगत्या मोजणीयंत्रांची) साखळी उभारली गेली. ती १९९४ मध्ये पूर्ण झाली आणि एल निनोचे अंदाज तिच्यावर उभे राहिले. अशा बोयांची नियमित डागडुजी लागते: गंजलेल्या कड्या, शेवाळलेली उपकरणे, मासेमारीच्या दोरांनी ओढून तोडलेले भाग. २०१२ मध्ये खर्चकपातीत अमेरिकेने हे काम करणारे जहाज सेवेतून काढले. दोन वर्षे उलटली नाहीत तोच अमेरिकेच्या वाट्याच्या बोयांकडून येणारी माहिती सुमारे ४० टक्क्यांवर आली. पुढे बोये दुरुस्त झाले, पण मधल्या महिन्यांतले पाणी आता कोण मोजणार? पुलाचे काम रखडले तर ते पुढच्या वर्षी पुरे करता येते. समुद्राची न घेतलेली नोंद कोणत्याही निधीतून मागाहून विकत घेता येत नाही.

आणखी एक घटना सांगते, कारण नुसती यंत्रे टाकून भागत नाही हे तिच्यातून कळते. २००६ मध्ये एक शोधनिबंध आला. समुद्राचा वरचा थर २००३ ते २००५ या काळात थंड झाला, असे त्यात दिसत होते. तापमानवाढ खोटी ठरवू पाहणाऱ्यांना हायसे वाटले असेल. पण निबंधाच्या लेखकांपैकी जॉश विलिस आणि त्यांचे सहकारी आपलेच आकडे तपासल्यावाचून सोडायला तयार नव्हते. सागरपातळी चढते आहे आणि पाणी थंड होते आहे, हे जमेना. शोधता शोधता कळले की काही फ्लोट दाबाची नोंद चुकीची करत होते, त्यामुळे तापमान भलत्याच खोलीच्या नावावर चढत होते. शिवाय जहाजावरून टाकल्या जाणाऱ्या जुन्या, एकदाच वापरायच्या तापमापकांचा कल थोडे गरम दाखवण्याकडे होता. दोन्ही दुरुस्त्या केल्या आणि ती थंडी नाहीशी झाली. २००७ मध्ये त्यांनी चूक जाहीर केली.

ही चूक कोणी पकडली? वर्षानुवर्षे नोंदी तपासत बसणाऱ्या माणसांनी. आणि प्रकल्प संपला की आधी हीच माणसे जातात. माझ्याबरोबर उपकरणांचे अंशांकन, म्हणजे त्यांचे माप बरोबर आहे ना याची पडताळणी, करणारे दोन सहकारी कंत्राट संपल्यावर दुसरीकडे गेले. संवेदक खऱ्या मापापासून किती सरकला आहे हे त्यांना आकड्यांचा आलेख पाहून ओळखू यायचे. ते कौशल्य त्यांच्याबरोबर गेले. नवीन माणूस तयार व्हायला काही वर्षे जातील, आणि त्याचेही कंत्राट तेवढेच असेल.

आता पोटापाण्याचा प्रश्न. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, बीजकेंद्रे आहेत. २००७ च्या सुमारास तिथल्या कालवांच्या अळ्या लाखोंनी मरू लागल्या. आधी जिवाणूंवर संशय गेला, गाळण्या बसवल्या, तरी मर थांबेना. मग शास्त्रज्ञांनी पाण्याची रासायनिक मोजणी केली. ठरावीक वाऱ्यांनंतर खोलातले थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी वर येत होते, आणि त्यात अळीला पहिल्या दोन दिवसांत जो शिंपला उभारायचा असतो तो उभारता येत नव्हता. समुद्रातल्या बोयांची माहिती हाताशी येऊ लागल्यावर केंद्रांनी आपली कामाची वेळ बदलली. पाणी पहाटे न घेता, सूर्यप्रकाशात सागरी वनस्पतींनी थोडा कार्बन शोषल्यावर दुपारी भरायचे, आणि गरजेप्रमाणे त्याची आम्लता कमी करायची. धंदा तरला. आम्लीकरण काही थांबलेले नाही, ते उत्सर्जन घटल्यावाचून थांबणारही नाही. पण मोजणीने माणसांना वेळ मिळवून दिला.

समुद्राकडून जास्तीचा कार्बन शोषून घेण्याच्या योजनांबद्दल मला सर्वाधिक काळजी वाटते. पाण्यात लोह टाकून वनस्पतीप्लवक (तरंगत्या सूक्ष्म वनस्पती) वाढवायचे, अल्कधर्मी खनिजे मिसळायची, समुद्रशैवाल वाढवून तळाला बुडवायचे. यावर संशोधन व्हावे असे माझे प्रामाणिक मत आहे. पण २००९ चा लोहाफेक्स प्रयोग आठवावा. भारत आणि जर्मनीचे शास्त्रज्ञ दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळून आठवडेच्या आठवडे त्याच्या मागे राहिले. प्लवक फोफावले खरे. पण त्या पाण्यात सिलिकेट कमी होते, त्यामुळे त्यापासून जड कवच बनवणारे डायटम नावाचे प्लवक वाढले नाहीत. जे वाढले ते कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या जिवांनी फस्त केले, आणि तळाकडे गेलेला कार्बन नगण्य निघाला. प्रयोग वाया गेला असे मी म्हणणार नाही. खाली काय उतरते आहे याची शास्त्रज्ञ मोजणी करत होते, म्हणून खरे काय ते कळले. तेच लोह एखाद्या कंपनीने टाकले असते, वरून हिरवे झालेले पाणी दाखवले असते आणि कार्बन क्रेडिट, म्हणजे कार्बन शोषल्याची विकाऊ प्रमाणपत्रे, विकली असती, तर?

खनिजे मिसळण्याच्या पद्धतीतही हीच अडचण आहे. बदललेले पाणी हवेतून कार्बन ओढायला महिने, कधी वर्षे घेते, आणि तोवर प्रवाहाने ते कुठच्या कुठे नेलेले असते. किती शोषले, याचे उत्तर चांगले मोजणीजाळे आणि त्यावर बेतलेली संगणकी प्रारूपे यांच्यावाचून देता येत नाही. समुद्रात कचरा टाकण्यावर निर्बंध घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात २०१३ साली अशा समुद्री प्रयोगांवर नियंत्रण आणणारी दुरुस्ती स्वीकारली गेली, पण पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने ती लागू झालेली नाही. ती लागू व्हावी म्हणून आपणही पाऊल उचलावे. आणि स्वतंत्र मोजणी होईपर्यंत समुद्री कार्बनचे एकही क्रेडिट देशाच्या हिशेबात धरू नये, ही विनंती.

एक अडचण तर केवळ कागदाची आहे. फ्लोटला सीमा कळत नाही. तो वाहत वाहत एखाद्या देशाच्या २०० सागरी मैलांच्या क्षेत्रात शिरतो, आणि मग परवानगीचा प्रश्न निघतो. काही ठिकाणी त्या भीतीने तिथे फ्लोट सोडणेच टाळले जाते. आपल्या क्षेत्रात वाहत येणाऱ्या आर्गो फ्लोटना सरसकट संमती असल्याचे आपण एकदाच कळवलेत तर एका सहीत प्रश्न मिटेल, त्यासाठी वेगळा निधीही लागणार नाही. खुल्या समुद्राबाबतचा जैवविविधता करार जून २०२३ मध्ये स्वीकारला गेला. त्यात पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन बंधनकारक आहे. पण आधी काय होते याची नोंदच नसेल, तर परिणाम कशाशी ताडून पाहणार? दोन हजार मीटरखाली समुद्राचे जवळपास निम्मे पाणी आहे, आणि तिथवर पोहोचणारे फ्लोट आज मोजकेच आहेत.

युनेस्कोच्या आंतरसरकारी सागरविज्ञान आयोगाच्या २०२० च्या अहवालानुसार देश आपल्या संशोधनखर्चातला सरासरी १.७ टक्केच समुद्रविज्ञानावर खर्च करतात. तो आकडा एकदम दुप्पट करा असे मी म्हणत नाही. फ्लोट, बोये, जहाजाचे दिवस आणि अंशांकन करणारी माणसे एवढ्या चार गोष्टींना स्वतंत्र लेखाशीर्ष द्या, आणि तो खर्च पगार-निवृत्तिवेतनासारखा अनिवार्य खर्चात धरा.

अर्थसंकल्प आला की मी सर्वात आधी ती ओळ शोधणार आहे. गेल्या सफरीत आम्ही सोडलेल्या फ्लोटची पत्रे अजून वेळेवर येत आहेत. त्यांच्या बॅटऱ्या संपण्याआधी त्यांच्या जागी टाकायची यंत्रे मागवावी, तपासावी आणि जहाजावर चढवावी लागतील. त्याला दीड-दोन वर्षे सहज लागतात, म्हणून हे पत्र आजच लिहिले.

कळावे,

आपली विश्वासू,
एक सागरी तंत्रज्ञ