वस्ताद, गाडी केपटाऊनला पोहोचली

वस्ताद,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गॅरेजचा पत्ता विचारत येणाऱ्या नव्या पोरांनाही कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय. केनियातल्या मोंबासाला उतरून मोटरसायकलवर टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया करत केपटाऊन गाठलं आणि परवा सोलापुरात आलो. त्या प्रवासात जे निभावलं, त्यातलं निम्मं तुमच्या होटगी रोडच्या शेडमध्ये ठरलं होतं.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मोठी ॲडव्हेंचर गाडी घ्यायचं पक्कं करून आलो होतो. तुम्ही फोटो पाहिला आणि काहीच बोलला नाहीत. स्वतःची बुलेट अंगणात आडवी केली, मागं वाळूचं पोतं बांधलं आणि म्हणालात, "उचल बे एकट्यानं." मला ती जागची हलली नाही. "आता तुझी ती अडीचशे किलोची, सामानासकट, जंगलात पडली तर?" एवढंच विचारलंत. माझे लाखभर रुपये आणि कदाचित कंबरही त्या प्रश्नानं वाचली.

मग जुनी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ तुम्हीच शोधून दिलीत. ताकद जेमतेम २४ हॉर्सपॉवर, पण इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी, ९.५, म्हणजे मिळेल ते साधं पेट्रोल चालणार. पुढं २१ इंची, मागं १७ इंची तारेची चाकं, आत ट्यूब. अलॉयची चाकं आणि ट्यूबलेस टायर का नकोत, यावर मी तुमच्याशी वाद घातला होता. "वाकलेली तार कुठंही सरळ होते, फुटलेलं अलॉय नाही," हे तुमचं उत्तर होतं. टांझानियात रस्त्याकडेला जागोजागी बजाज बॉक्सरची टॅक्सी चालवणारी पोरं आणि त्यांच्या पंक्चरच्या टपऱ्या दिसल्या, तेव्हा ते नीट कळलं.

पण सगळ्यात जास्त आभार त्या मे महिन्याबद्दल. शेडबाहेर ऊन मी म्हणत होतं. नट हरवू नयेत म्हणून तुम्ही जुनी सोलापुरी चादर अंथरलीत आणि मागचं चाक माझ्याकडून सात वेळा खोलून घेतलंत. पहिल्या वेळी दोन तास लागले आणि वर टायर काढायच्या लिव्हरनं मीच ट्यूब चिमटली. तुम्ही हात लावला नाहीत. साबणाचं पाणी कुठं सोडायचं, दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडनं टायरची कड कशी दाबून सोडवायची, लिव्हर किती आत घालायचा, सगळं तोंडानं सांगितलंत. नामिबियाच्या खडीच्या रस्त्यावर चाक पंक्चर झालं तेव्हा दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर माणूस नव्हता. मेन स्टँड लावला, खाली चादर अंथरली. चाळीस मिनिटांत पंपानं हवा भरत होतो. हात थरथरत नव्हते, वस्ताद.

आणखी एक. कार्नेवर, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या कस्टमच्या कागदावर, लिहिलेला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. कार्नेवर गाडी आत नेताना आणि बाहेर काढताना कस्टमचा शिक्का. एक राहिला तरी कार्नेसाठी दिलेली बँक गॅरंटी अडकू शकते. हँडलच्या मानेवरचा तो नंबर तुम्ही रॉकेलनं पुसून, त्यावर खडू घासून पांढरा केला होतात. मोंबासाच्या कस्टमवाल्यानं टॉर्च मारला आणि एका नजरेत वाचला. शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर गंजाखाली होता, तो संध्याकाळपर्यंत घासत बसला होता.

क्लच केबलला समांतर बांधून दिलेली दुसरी केबल तशीच परत येतेय. तिची गरजच पडली नाही. पण रोज रात्री गाडी झाकताना हात तिच्यावरून फिरायचा.

गाडी अजून जहाजात आहे. न्हावाशेव्याहून सुटली की आधी तुमच्याकडे. मागच्या चाकातून घरघर येतेय, बेअरिंग असावं. तुम्ही फक्त बघा, खोलतो मी. येताना चादर धुऊन आणतो आणि शेंगाचटणी कडक भाकरीसकट घरून.

तुमचा,
एमएच १३ वाला