चौथा ते सातवा महिना: चिरंजीवास पत्र

चिरंजीव राजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईला चौदावा आठवडा लागला, उलट्या थांबल्या आणि ती पुन्हा पोटभर जेवू लागली, हे तुझ्याकडून कळले तेव्हा फार समाधान वाटले. आता काळजीचे दिवस संपले, असे तू म्हणालास आणि ते बरेचसे खरेही आहे. तरी आरोग्य उपकेंद्रात परिचारिका म्हणून नोकरी करताना मी जे पाहत आले, त्यावरून तुला सांगते, की बरे वाटू लागले म्हणूनच या महिन्यांत तपासणीची तारीख पुढे ढकलली जाते. आणि काही तपासण्या तर याच काळात, ठरावीक आठवड्यांतच करायच्या असतात. त्या आठवड्यांचा हिशेब तू स्वतःकडे घ्यावास, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. घरात आपण महिने मोजतो, डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून चाळीस आठवडे मोजतात. तेव्हा दिनदर्शिकेवर आठवडेच लिही.

सर्वांत महत्त्वाची आहे ती अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी. बाळाचा मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे चारही कप्पे, मूत्रपिंडे, ओठ, हातपाय आणि वार, म्हणजे बाळाला नाळेतून पोषण पुरवणारा गर्भाशयातला अवयव, कुठे आहे, हे सारे त्या वेळी नीट पाहता येते. ती उशिरा करू नये याचे एक कारण कायद्यातही आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर कारण असल्यास विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो, पुढे चोविसाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि त्यानंतर बाळात मोठे व्यंग असेल तरच वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. अशी वेळ बहुतेकांवर येत नाही, तुमच्यावरही न येवो. पण निर्णय घ्यावाच लागला तर विचाराला पुरेसे दिवस हाती असावेत. वार खाली आहे असे अहवालात आले, तर लगेच घाबरू नका. गर्भाशय वाढते तशी ती बहुतेक वेळा वर सरकते, आणि पुढे पुन्हा एकदा सोनोग्राफी करून ते पाहिले जाते.

सोनोग्राफीनंतर नात्यातले कोणी 'काय आहे' असे विचारतीलच. त्यांना उत्तर तू द्यायचे, तिच्यावर सोडायचे नाही. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी केला आणि १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. ज्या गावांत मी काम केले तिथे त्या प्रश्नापायी सुनांनी काय सोसले, ते मला ठाऊक आहे; आपल्या घरात तो प्रश्न कोणी उच्चारूही नये.

आता गोळ्यांविषयी. या महिन्यांत शरीरात रक्ताचे प्रमाण खूप वाढते, पण त्यातला द्रव भाग तांबड्या पेशींपेक्षा अधिक वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरते. म्हणून चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, असे किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावी, असे आपल्याकडचे सरकारी धोरण आहे. ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर अंगी कमी लागते. लिंबू किंवा आवळ्यासोबत अधिक लागते. शौचास काळे होते, त्याला घाबरून पुष्कळ मुली गोळी बंद करतात. तिने तसे करू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले की नाही, तेही डॉक्टरांना विचारून घे.

चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेची तपासणी पुन्हा करावी लागते. पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. घरात कुणाला मधुमेह नाही म्हणून ही तपासणी टाळू नये. याच सुमारास सातव्या महिन्यातले डोहाळजेवणही येते. तिच्या आईशी बोलून ते तपासणीनंतर ठेवा, म्हणजे पंगतीत काय वाढायचे ते समजून ठरवता येईल.

बाळाची हालचाल पहिल्या खेपेस साधारण अठरा ते वीस आठवड्यांत जाणवू लागते. सुरुवातीला ती पोटात वारा फिरल्यासारखी वाटते, त्यामुळे तिला स्वतःलाही खात्री वाटणार नाही. वार पुढच्या बाजूस असेल तर आणखी थोडा उशीर होतो, आणि बाहेरून हात ठेवून तुला कळायला त्यानंतरही काही आठवडे जातात. चोविसावा आठवडा आला तरी काहीच जाणवले नाही, तर डॉक्टरांना सांगा. त्याच सुमारास बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात, तेव्हा संध्याकाळी थोडे मोठ्याने बोलत जा.

अंथरुणातून उठताना ओटीपोटात एका बाजूस चमक येईल. तिने आधी कुशीवर वळून मग उठावे. छातीत जळजळ, बद्धकोष्ठ, पोटऱ्यांत रात्री येणारे गोळे, हिरड्यांतून येणारे रक्त, पोटावरची काळी रेघ, हे सारे अनेकींना होते. रक्तदाब या काळात थोडा उतरतो, म्हणून एकदम उभे राहिल्यास चक्कर येते. दोघांचे जेवायचे म्हणून कोणी आग्रह करील, पण एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध एवढी भर पुरेशी आहे. ग्रहण आले तर तिला उपाशी ठेवू नका. ते मी तिच्या आईलाही सांगेन.

अंगावर रक्त किंवा पाणी गेले, पोट थांबून थांबून कडक होऊ लागले, ताप आला, किंवा विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, बरगडीखाली दुखणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०८ वर फोन कर. रक्तदाब १४०/९० किंवा त्यापुढे गेला असेल, तर तिला वरून बरे वाटत असले तरी डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे.

बाळंतपण माहेरी की तुमच्याकडे, हे तिला विचारून आताच ठरवा आणि तिथल्या रुग्णालयात वेळेवर नाव नोंदवा. तिचा रक्तगट कोणता, ते मला उलट टपाली कळव. तो निगेटिव्ह आणि तुझा पॉझिटिव्ह असेल, तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास तिला एक विशेष इंजेक्शन द्यावे लागते, आणि ते मिळण्याची व्यवस्था आधी करून ठेवावी लागते.

तुझी,
आई