शिक्षकांनी केलेले साहित्य कुलपाबाहेर यावे

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

जून महिना आला की आमच्या भागात शाळेच्या डिजिटल वर्गासाठी लोकवर्गणीची बोलणी सुरू होतात. मुंबईत माथाडी काम करणारी गावची माणसे यात्रेला येतात तेव्हाच आकडे ठरलेले असतात, आणि शाळा उघडली की ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर टीव्ही केवढ्या इंचांचा घ्यायचा यावर चर्चा रंगते. या चर्चेत जो प्रश्न सहसा कोणी विचारत नाही तो आपल्या वृत्तपत्रातून पालकांसमोर, शिक्षकांसमोर आणि शिक्षण विभागासमोर ठेवावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. टीव्हीवर जे दाखवायचे आहे, ते कोणाच्या मालकीचे आहे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेसाठी गावाने वर्गणी काढली. त्यातून एक टीव्ही आणि एक संगणक आला, आणि एका विक्रेत्याकडून सर्व इयत्तांच्या अभ्यासाचे सॉफ्टवेअर घेतले, त्याचे वेगळे १८ हजार रुपये मोजले. ज्या आजींनी कोंबड्या विकून शंभर रुपये दिले होते, त्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात विजेचा दाब एकाएकी वाढला आणि संगणकाचा मदरबोर्ड जळाला. आम्ही तो बदलून घेतला, संगणक सुरू झाला, पण सॉफ्टवेअर काही केल्या उघडेना, कारण ते जुन्या यंत्राशी बांधलेले होते आणि आता नव्या परवान्याचा क्रमांक मागत होते. विक्रेत्याचा फोन चौथ्या दिवशी लागला, तेव्हा पुन्हा पैसे भरावे लागतील असे सांगण्यात आले. गावाला ते सांगायची जबाबदारी माझ्यावर आली, आणि मला ती आजही विसरता येत नाही.

त्यानंतरची चार वर्षे आम्ही विकतच्या साहित्याशिवाय शिकवत आहोत, आणि अनुभवाने सांगतो की मुलांचे काही अडलेले नाही. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात विद्यार्थिदशेत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेले जिओजेब्रा हे भूमिती आणि गणिताचे सॉफ्टवेअर आज शाळांना विनामूल्य मिळते आणि इंटरनेट नसतानाही संगणकावर चालते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली ज्या उपक्रमाचा पाया घातला, त्या ‘फेट’ची विज्ञान आणि गणितातील आभासी प्रयोगांची पाने एकेक फाइल म्हणून उतरवून घेता येतात, आणि त्यांपैकी अनेकांची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे. मी तालुक्याच्या गावी जाऊन ही पाने पेन ड्राइव्हवर आणतो. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज मिळवायची तर शाळेमागच्या टेकाडावर चढावे लागते, त्यामुळे वर्गात बसून संकेतस्थळ उघडण्याची सोय आम्हाला नाही.

सहावीचा एक तास जरा सविस्तर सांगतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते, हे आम्ही आधी कागदाचे कोपरे फाडून आणि जुळवून पाहिले होते. मग टीव्हीला जोडलेल्या संगणकावर जिओजेब्रात एक त्रिकोण काढला, कोनांची मापे दाखवली आणि एकेका मुलाला पुढे बोलावून शिरोबिंदू माउसने हवा तसा ओढायला सांगितला. बाकीची मुले वहीत बेरीज करीत होती. तिसऱ्या की चौथ्या वेळी एका मुलाने उभे राहून सांगितले की त्याची बेरीज १८०.०१ येते. बेरीज पुन्हा तपासली, ती बरोबर होती. संगणक दोनच दशांश स्थळे दाखवतो आणि पुढचे अंक जवळच्या अंकात मिळवतो, हे समजावून सांगताना त्या वर्गाला मोजमापातली चूक आणि गणितातले सत्य यांतला फरक जसा कळला, तसा तो मला गेल्या अठरा वर्षांत कधी शिकवता आला नव्हता. तास संपता संपता एका मुलीने शिरोबिंदू खाली ओढत ओढत पायावरच आणून ठेवला. एक कोन १८० अंशांचा झाला, उरलेले दोन शून्य झाले. तिने विचारले, “सर, बेरीज तर जुळतेय, पण आता ह्याला त्रिकोण म्हणायचं का?” मी उत्तर दिले नाही. तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, आणि तो आठवडाभर तिथेच होता.

विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये याच घटकाची एक चित्रफीत होती. तिच्यात एक आवाज नियम सांगे आणि मुले ऐकत. ज्या साधनात मुलाला हात घालता येतो आणि जे शिक्षकाला आपल्या वर्गासाठी बदलता येते, त्याचाच शाळेला उपयोग होतो, असे माझे मत या तासानंतर पक्के झाले.

मात्र येथे एक खुलासा आवश्यक आहे. विनामूल्य मिळणारी सर्वच साधने एका माळेतली नाहीत. मराठीत फुकट आणि मुक्त हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, हे आपले भाग्य मानले पाहिजे, कारण सगळा घोळ या दोहोंच्या मधल्या जागेत होतो. जॅमबोर्ड हा गूगलचा फळा जगभरच्या शिक्षकांनी टाळेबंदीच्या काळात वापरला, आणि कंपनीने तो २०२४ च्या अखेरीस बंद केला. मुलांना आपली उत्तरे चित्रफितीतून देता येत असलेले फ्लिप हे मायक्रोसॉफ्टचे स्वतंत्र साधनही त्याच वर्षी जुलैत बंद झाले. दोन्ही साधने फुकट होती, म्हणून दोन्हींबाबत तक्रार करायला जागा नव्हती. साधन ज्याचे, त्याने ते कधी आवरते घ्यायचे हे ठरवायचे, हा व्यवहार आहे. परंतु शिक्षकाने दोन-तीन वर्षे खपून केलेले काम त्याच्याबरोबर जाऊ नये, इतकी काळजी आपण घेऊ शकतो. म्हणून कोणतेही फुकट साधन वापरण्यापूर्वी मी दोन गोष्टी पाहतो: केलेले काम फाइल म्हणून बाहेर काढता येते का, आणि ते इंटरनेटशिवाय उघडते का. मुलांच्या नावाने खाते उघडावे लागत असेल तर मी ते साधन वर्गात आणतच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे, आणि आईचा मोबाइल क्रमांक टाकून खाते उघडून देणे म्हणजे ती संमती नव्हे.

मुक्त साधन कसे असते, याचा चांगला नमुना म्हणजे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेले स्टोरीवीव्हर हे चित्रकथांचे संकेतस्थळ. त्यावरच्या मराठी चित्रकथा वाचता येतात, उतरवता येतात, छापता येतात, आणि मूळ लेखक-चित्रकारांचे श्रेय देऊन बदलताही येतात, कारण त्या खुल्या परवान्याखाली दिलेल्या आहेत. आमच्या तिसरीच्या मुलांनी गेल्या वर्षी अशीच एक गोष्ट घेऊन तिच्यातले संवाद घरात बोलतात तसे लिहून काढले. ती छापून वाचन कोपऱ्यात टांगली आहे आणि तिची पाने आता हाताळून मऊ पडली आहेत. वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचे वीस खंड आज महाजालावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात, हेही येथे आवर्जून सांगतो, कारण आमच्याच जिल्ह्यातल्या या कामाचा पत्ता आमच्याच जिल्ह्यातल्या अनेक शाळांना नाही.

शासनाने काही केले नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या केंद्र सरकारच्या शैक्षणिक मंचामुळे पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून पाठाशी संबंधित साहित्य पालकांच्या फोनवर उघडते आणि ते उतरवूनही ठेवता येते. पुस्तकातील क्यूआर कोडची ही वाट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी चालून दाखवली होती, आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वाटून घेण्याची ती वृत्ती आपल्या व्यवस्थेत मात्र अजून उतरलेली नाही, आणि माझे खरे गाऱ्हाणे तिथे आहे.

तालुक्या-तालुक्यात तंत्रस्नेही शिक्षक रात्री जागून स्वाध्यायपत्रिका, चाचण्या, शब्दकार्डे तयार करतात आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतात. त्या पीडीएफ असतात, त्यांवर आडवे मोठे नाव छापलेले असते, आणि त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. वेग, वेळ आणि अंतर यांच्या उदाहरणात मेट्रो रेल्वे असेल तर ती मला शिवसागर जलाशयातली लाँच करायची असते, कारण आमच्या मुलांनी लाँचमध्ये बसून पलीकडच्या गावाला जायला किती वेळ लागतो ते अनुभवलेले असते. एवढ्या एका बदलासाठी मला सगळी पत्रिका नव्याने टाइप करावी लागते. महिन्याभराने तीच फाइल शोधायला जावे तर शुभेच्छांच्या चित्रांखाली ती गाडली गेलेली असते किंवा फोनमधली जागा रिकामी करताना पुसली गेलेली असते. एकच पाढ्यांची पत्रिका एकाच तालुक्यात वीस शिक्षक वीस वेळा तयार करतात, आणि या श्रमांची मोजदाद कुठेही होत नाही.

फाइल जपून ठेवली तरी ती वाचता येईलच असे नाही. माझ्याआधीचे मुख्याध्यापक निवृत्त होताना त्यांनी केलेल्या व्याकरणाच्या पत्रिकांची सीडी मला देऊन गेले. त्या उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा खच दिसला, कारण मजकूर युनिकोडपूर्वीच्या (युनिकोड म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी नीट वाचता यावी यासाठीची अक्षरांची सामाईक पद्धत) एका फॉन्टमध्ये होता आणि तो फॉन्ट आमच्याकडे नव्हता. गुरुजींनी घरातला पिवळा पडलेला एक छापील संच शोधून दिला म्हणून त्या पत्रिका वाचल्या. आजही काही कार्यालयांतून आणि छपाईच्या दुकानांतून त्याच पद्धतीच्या फाइली आमच्याकडे येतात. युनिकोडमध्ये टाइप करणे ही शिक्षक प्रशिक्षणातली पहिली पायरी असली पाहिजे.

इतर राज्यांकडे पाहायचे तर केरळचे उदाहरण घ्यावे. तेथे ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प २००१ साली सुरू झाला, पुढे सरकारी शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले, आणि आज ‘काइट’ ही शासकीय यंत्रणा मल्याळममधील साहित्यासह ती संपूर्ण व्यवस्था चालवते. एका शाळेत केलेले काम दुसऱ्या शाळेतल्या संगणकावर जसेच्या तसे उघडते. आमच्याकडे मात्र परवान्याविना घातलेले सॉफ्टवेअर शाळेत वापरले जाते आणि मुलांच्या डोळ्यांदेखत आपण ते चालवतो, याची मला शिक्षक म्हणून लाज वाटते. मजकूर आणि तक्ते करण्यासाठी लिबरऑफिससारखे कायदेशीर, विनामूल्य आणि मराठीला नीट सांभाळणारे साधन हाताशी असताना तशी वेळ येण्याचे कारण नाही.

शिक्षण विभागाकडे माझी मुख्य मागणी एका पानापुरती आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके महाजालावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात, ही मोठी सोय आहे. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर सर्व हक्क मंडळाकडे असून लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशा आशयाची सूचना असते. म्हणजे पाठातले एक चित्र घेऊन स्वाध्यायपत्रिका करणारा आणि ती शेजारच्या शाळेला देणारा प्रत्येक शिक्षक त्या ओळीबाहेर पाऊल टाकतो. ही पुस्तके लोकांच्या पैशांतून, शिक्षकांच्याच समित्यांच्या सहभागाने तयार होतात. केंद्र सरकारने २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक संसाधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले, तेव्हा मूळ कर्त्याचे श्रेय द्या आणि पुढेही त्याच अटीवर वाटा, हा खुला परवाना स्वीकारला होता. किमान शैक्षणिक व विनामूल्य वापरासाठी तशी मुभा महाराष्ट्रालाही देता येईल, आणि त्यासाठी निधी लागणार नाही. त्याबरोबरच शासकीय प्रशिक्षणांतून शिक्षकांकडून जे साहित्य करून घेतले जाते, ते बदलता येणाऱ्या मूळ फाइलसह, करणाऱ्याच्या नावानिशी, सर्वांना खुले ठेवावे. पालकांना आणि सरपंचांना विनंती एवढीच की सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: संगणक जळाला तर आमच्या साहित्याचे काय होईल? उत्तर लेखी घ्या.

निवृत्त मुख्याध्यापकांच्या त्या व्याकरणाच्या पत्रिकांपैकी ४१ मी त्यांच्या संमतीने युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्या आहेत. उरलेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत होतील. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला येणाऱ्या कोणाही शिक्षकाने पेन ड्राइव्ह आणावा. मूळ फाइल मिळेल, तिच्यात हवा तो बदल करावा, फक्त तळाशी गुरुजींचे नाव राहू द्यावे.

आपला विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षक,
ता. पाटण, जि. सातारा