मुलांची ग्रामसभा मुलांच्या भाषेत होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या १४ नोव्हेंबरला गावोगावच्या शाळांत बालदिन होईल. त्याआधी चार ओळी लिहायच्या असं गेलं वर्षभर मनात होतं. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला शेतकरी. शाळा सुधारणा समितीवर आहे. सुगीचे दिवस आहेत, भात कापून पडलंय, तरी हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या वर्षीचा बालदिन मी मांडवातल्या खुर्चीवर बसून पाहिला. मुलं समोर, उन्हात, जमिनीवर. सकाळी साडेनऊला बसवलेली पोरं बारापर्यंत तशीच होती. आम्हा मोठ्यांची सहा भाषणं झाली, त्यात एक माझंही. पहिल्या रांगेत दुसरीतली एक मुलगी नाचासाठी नऊवारी नेसून, आंबाडा घालून बसली होती. आधी ती सारखी मागं वळून आईला शोधत होती, मग शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं म्हणून शेवटचे दोन नाच रद्द झाले, त्यात तिचा होता. तिला उठवून घरी नेताना तिच्या आईनं काही विचारलं नाही, पण माझी मान वर होईना.

आपल्याकडे पोरांचं कौतुक करायची रीत काही नेहरूंच्या जयंतीपासून सुरू झालेली नाही. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीला लागतो, पुरण होतं, आई लेकरांना पाटावर बसवून ओवाळते. लेक शिकायला पुण्याला असो नाहीतर सासरी गोव्यात, तिच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकल्या जातात. पिठोरीला आई खांद्यावरून मागं वाण धरून विचारते, 'अतित कोण?' आणि मागं उभं राहिलेलं पोर म्हणतं, 'मी!' संक्रांतीनंतर बोरनहाण असतं, तेव्हा तर बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा सगळं पोराच्या डोक्यावरून ओततात आणि गल्लीतली पोरं ते वेचायला तुटून पडतात. यातल्या एकाही सणाला पोराला भाषण ऐकावं लागत नाही.

जगातही पाहा. जपानात ५ मेला घरावर कापडी मासे फडकवतात. थायलंडमध्ये जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी पोरांना पंतप्रधानांच्या खुर्चीवर बसू देतात. मला सगळ्यात भावला तो तुर्कस्तानचा दिवस. २३ एप्रिल १९२० रोजी अंकाऱ्यात त्यांची राष्ट्रीय सभा पहिल्यांदा भरली. तोच दिवस त्यांनी पुढं मुलांचा केला. त्या दिवशी मुलं सभागृहात मोठ्यांच्या आसनांवर बसतात आणि बोलतात.

आपल्याला त्यासाठी तुर्कस्तानला जायला नको. कर्नाटकात ग्रामपंचायतींनी 'मक्कळ ग्रामसभा' म्हणजे मुलांची ग्रामसभा घ्यायची पद्धत आहे. मुलांनी उभं राहून शाळेच्या, रस्त्याच्या, पाण्याच्या अडचणी सांगायच्या आणि पंचायतीनं उत्तर द्यायचं. इतकी चांगली गोष्ट आपल्या राज्यात आहे याचा मला अभिमान वाटतो. दुखणं वेगळंच आहे.

आमच्या भागातल्या एका गावात अशी सभा झाली. नोटीस कन्नडमध्ये, प्रस्तावना कन्नडमध्ये, प्रश्नही कन्नडमध्येच विचारायचे, असं ठरलं होतं. मराठी शाळेतला सहावीचा एक मुलगा चिठ्ठीवर लिहून आणलेलं कन्नड वाक्य म्हणायला उठला. दोन शब्द झाले, तिसरा अडला. कुणीतरी हसलं. तो खाली बसला आणि चिठ्ठी मुठीत चुरगाळली. परतीच्या वाटेवर मी त्याला विचारलं, काय सांगायचं होतं रे? म्हणाला, "काका, शाळेच्या संडासाला कडीच नाही. एकजण आत गेला की दुसऱ्यानं दार धरून उभं ऱ्हायाचं. पोरी तर पाणीच पीत न्हाईत दिवसभर."

एवढी मोठी गोष्ट त्या सभेत कुणाच्या कानावर गेलीच नाही.

मुलांनी कन्नड शिकावं, चांगलं शिकावं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझी स्वतःची मुलं बाजारात, बँकेत कन्नड बोलतात. पण ग्रामसभा म्हणजे भाषेची परीक्षा नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार मंजूर केला आणि भारतानं तो १९९२ मध्ये मान्य केला. त्याच्या बाराव्या कलमात मुलांना त्यांच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क दिला आहे, आणि तिसाव्या कलमात अल्पसंख्य समाजातल्या मुलाला स्वतःची भाषा वापरण्याचा. सीमाभागातल्या पंचायतींनी ही दोन कलमं एकत्र वाचावीत, एवढीच विनंती. नोटीस दोन्ही भाषांत काढा. मराठी पोराला मराठीत बोलू द्या, कन्नड पोराला कन्नडमध्ये, उर्दू शाळेतल्या पोरीला तिच्या बोलीत. एका भाषेतलं दुसरीत सांगायला गावातलाच एखादा शिक्षक पुरे. दोन्ही भाषा जाणणारी माणसं आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत. आणि पोरं सावलीत बसू देत, पाणी हाताशी असू दे.

संडासाची कडी आम्ही पालकांनी दुसऱ्याच आठवड्यात बसवली. तो मुलगा आता सातवीत आहे. परवा मळणीवर भेटला, तेव्हा सांगत होता, पावसाळ्यात ओढ्यावरून पाणी गेलं की पलीकडच्या वाडीतल्या पोरांच्या किती दिवस शाळा बुडतात, ते त्यानं यंदा जूनपासून वहीत तारखेवार लिहून ठेवलंय. ते सभेत वाचून दाखवायला चालेल का, असं तो मला विचारत होता. मी त्याला हो म्हणून बसलोय.

आपला,
एक पालक, खानापूर तालुका, जि. बेळगाव