हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की फलटण-दहिवडीसारख्या दुपदरी रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या लागतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. हे दुखणे जुने आहे. अलीकडे त्यात समोरून येणाऱ्या मोटारींच्या निळसर पांढऱ्या झोताची भर पडली आहे. तो डोळ्यांवर आला की दोन-तीन सेकंद पुढचे काहीच दिसत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते, आणि त्याच पन्नास मीटरांत कुठेतरी ती ट्रॉली असू शकते. आपण अपर-डिपर करून विनंती केली तरी समोरचा झोत खाली येत नाही, कारण पुष्कळदा तो आधीपासूनच डिपरवर असतो.

हे कसे घडते ते मला माझ्याच गाडीमुळे कळले. गेल्या वर्षी माझ्या बारा वर्षांच्या जुन्या गाडीचा उजेड मंद वाटू लागला म्हणून मी एका दुकानातून तिला एलईडी बल्ब बसवून घेतले. खोक्यावर वीस हजार ल्युमेन (ल्युमेन हे प्रकाश मोजण्याचे एकक) छापलेले होते. कंपनीतून येणाऱ्या एच-४ हॅलोजन बल्बचा प्रकाश डिपरवर सुमारे एक हजार आणि अपरवर सुमारे साडेसोळाशे ल्युमेन असतो, हे त्या वेळी माहीत असते तर त्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नसता. बसवल्यावर मात्र मी खूश होतो. बोनेटपुढची दहा-पंधरा मीटर जमीन लख्ख उजळली होती. या उजेडाने किती फसवले ते नंतर लक्षात आले. जवळची जमीन फार उजळली की डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते आणि लांबचा रस्ता उलट अधिक अंधारा भासतो. पावसात, ओल्या डांबरावर, हे आणखी जाणवते.

शंका आली म्हणून एका रात्री मी गाडी सपाट जागेवर, एका कुंपणभिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी केली आणि डिपर लावला. हॅलोजनच्या डिपरची भिंतीवर एक स्वच्छ आडवी रेघ उमटते: खाली उजेड, वर अंधार, आणि आपण डावीकडून गाडी चालवत असल्याने डाव्या बाजूला ती रेघ थोडी वर चढलेली, म्हणजे साईडपट्टीवरून चालणारा माणूस दिसावा पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. माझ्या भिंतीवर रेघ नव्हतीच. उजेडाचे विस्कटलेले ठिगळ होते आणि त्यातला बराचसा भाग समोरच्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर पडत होता.

याचे कारण बल्बच्या रचनेत आहे. एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा, असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ही वाटी रिफ्लेक्टरच्या, म्हणजे हेडलाइटमधल्या वक्र आरशाच्या, खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडू देत नाही, कारण तिथून परावर्तित होणारा प्रकाश वर गेला असता. रिफ्लेक्टरची वक्रता त्या बारीक, चहूबाजूंनी प्रकाश देणाऱ्या तारेच्या नेमक्या जागेवरून ठरवलेली असते. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चपट्या चिप बसवलेल्या असतात. त्यांचा आकार निराळा, प्रकाश पसरण्याची दिशा निराळी, आणि जागा मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तरी झोत भरकटतो. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन येणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे सगळी प्रकाशरचनाच एलईडीसाठी आखलेली असते. माझा आक्षेप हॅलोजनच्या जुन्या हेडलाइटमध्ये नवा बल्ब कोंबण्याला आहे. कोंबणे हा शब्द मी जाणून वापरतो: एलईडी बल्ब थंड ठेवणारा मागचा पंखा मावेना म्हणून दुकानातल्या मुलाने हेडलाइटचे रबरी झाकण कापले, आणि पहिल्याच पावसाळ्यात आत बाष्प धरले.

कायदा याबाबत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत ठरावीक अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणारा नसावा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या वाहनमालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ब्रिटनमध्ये हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बसवलेली मोटार २०२१ पासून वार्षिक तपासणीत नापास केली जाऊ लागली. जर्मनीत २०२० पासून असे काही बल्ब मान्य झाले, पण सरसकट नव्हे; अमुक बल्ब अमुक मॉडेलच्या अमुक हेडलाइटमध्ये चालेल, अशी चाचणीअंती परवानगी दिली जाते. मला हा जर्मन मार्ग अधिक समंजस वाटतो.

आपल्याकडे अडचण तपासणीची आहे. खासगी मोटारीची योग्यता-तपासणी नोंदणीला पंधरा वर्षे झाल्यावर, नूतनीकरणाच्या वेळी होते. तोवर तिचा झोत कुठे पडतो हे अधिकृतपणे कोणी पाहत नाही. पीयूसीसाठी मात्र आपण नियमाने जातो. त्याच केंद्रांवर हेडलाइटचा झोत मोजणारे साधे उपकरण ठेवून दोन मिनिटांची तपासणी सक्तीची करता येईल. परिवहन विभागाने याचा विचार करावा, आणि दंडाची पावती फाडायचीच असेल तर केवळ गाडीमालकापाशी न थांबता, हे बल्ब ‘कोणत्याही गाडीला बसतील’ असे सांगून विकणाऱ्यांकडेही पाहावे.

मी ते बल्ब काढून टाकले. पुन्हा ६०/५५ वॅटचे साधे हॅलोजन बसवले, पिवळट पडलेल्या काचा पॉलिश करून घेतल्या आणि दिव्यांना बॅटरीतून थेट वीज देणारे रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) वेगळे वायरिंग टाकले, कारण जुन्या तारांमधून व्होल्टेज पाच टक्के जरी घटले तरी हॅलोजनचा प्रकाश पंधरा टक्क्यांच्या आसपास घटतो. झोत भिंतीवर पाहून जुळवला. डॅशबोर्डवरची, शून्य ते तीन आकडे असलेली ती छोटी चकती मागे माणसे किंवा सामान भरले की झोत खाली घेण्यासाठी असते, हेही मला बारा वर्षांनी कळले. आता मोगराळे घाटात मला ट्रॉली पूर्वीपेक्षा लांबून दिसते, आणि समोरचे चालक मला अपर-डिपर करेनासे झाले आहेत.

आपला,
एक वाहनचालक, फलटण (जि. सातारा)