‘अधिकृत’ म्हणून विकलेल्या पुस्तकाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ मालिकेची ‘अधिकृत मार्गदर्शिका’ परत घेऊन पैसे देण्याबाबत

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात तुमच्या ॲपवरून मी १,१४९ रुपयांचं पुस्तक मागवलं. लेखकाच्या मान्यतेने काढलेलं, रंगीत नकाशे असलेलं, मालिकेचा पूर्ण वाचनक्रम देणारं, असं वर्णन होतं. हाती आलेल्या पुस्तकात यातलं एकही नाही. चॅटवर तुमच्या प्रतिनिधीने ‘पुस्तक फाटलं आहे का?’ एवढंच विचारलं आणि नाही म्हटल्यावर तक्रार बंद केली. पुस्तक फाटलेलं नाही, बांधणी तर छानच आहे. चूक आत आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ब्रिटिश लेखक बेन ॲरोनोविच यांची ही कादंबऱ्यांची मालिका २०११ मध्ये सुरू झाली. लंडनचा एक साधा पोलीस शिपाई जादू शिकतो आणि त्या शहराच्या नद्या त्याला माणसांच्या रूपात भेटतात. गंमत अशी की गोष्ट फक्त कादंबऱ्यांत नाही. २०१५ पासून कॉमिक्स आली, २०१७ पासून लघुकादंबऱ्या. पहिल्या कॉमिकची कथा चौथ्या आणि पाचव्या कादंबरीच्या मध्ये बसते. २०१९ ची लघुकादंबरी तर थेट जर्मनीत जाते, नायकही वेगळा. कशानंतर काय वाचायचं, हे नव्या वाचकाला कुणीतरी सांगावं लागतं. मार्गदर्शिका घ्यायची ती यासाठीच. या पुस्तकात फक्त कादंबऱ्यांची यादी आहे. कॉमिक्सचा उल्लेख एका वाक्यात आटोपला आहे, लघुकादंबऱ्यांचा तोही नाही.

आता चुका. पहिल्याच प्रकरणात नायकाला भूत भेटतं ते कोव्हेंट गार्डनमधल्या सेंट पॉल चर्चजवळ. तुमच्या पुस्तकाने तिथे सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट पानभर छापला आहे! नाव सारखं असलं तरी ही दोन वेगळी देवळं आहेत. कोव्हेंट गार्डनचं चर्च वास्तुविशारद इनिगो जोन्सने सतराव्या शतकात बांधलं. त्याला नटांचं चर्च म्हणतात. त्याच परिसरात १६६२ मध्ये प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेपिसने ‘पंच’ नावाच्या विदूषकी पात्राचा बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि रोजनिशीत लिहून ठेवला. पहिल्या कादंबरीचं सगळं रहस्य त्या पंचशी जोडलेलं आहे. चर्चच बदललं तर धागा तिथेच तुटतो. ज्याने हे पुस्तक जुळवलं त्याने कादंबरी उघडली तरी होती का, असा प्रश्न पडतो.

नकाशे काळे-पांढरे आहेत, अक्षरं भिंगाखालीही लागत नाहीत. जे लागतं ते चुकीचं. एफ्रा ही दक्षिण लंडनची, ब्रिक्स्टनच्या बाजूची, आता जमिनीखाली गेलेली नदी. इथे ती उत्तरेला हॅम्पस्टेडहून निघून फ्लीट नदीला मिळते. नद्यांच्या नावाची मालिका, आणि नद्याच चुकलेल्या! तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. पण मी पुण्यात आंबील ओढ्याजवळ राहते. पेशव्यांनी वळवलेला तो ओढा २०१९ च्या सप्टेंबरातल्या पुरात कसा वागला ते आम्ही पाहिलं आहे. वाहतं पाणी कुठून कुठे जातं, याला आमच्याकडे महत्त्व आहे.

सगळ्यात वाईट गोष्ट पान ९ वर. चौथ्या कादंबरीच्या शेवटी एक धक्का आहे, सगळी मालिका तिथे वळते. पात्रपरिचयात तो एका ओळीत फोडून टाकला आहे, सूचनेचा एक शब्दही न देता. माझा भाचा दुसऱ्या पुस्तकावर होता. त्याने ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, “मावशी, आता काय उरलं?” याची भरपाई तुम्ही करू शकत नाही, मी मागतही नाही.

अधिकृतपणाबद्दल : शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, लेखक आणि प्रकाशकाशी या पुस्तकाचा संबंध नसल्याचं छापलं आहे. अनधिकृत मार्गदर्शिका काढायला माझी हरकत नाही, त्यातल्या काही उत्तमही असतात. पण मग विकताना तसं सांगा.

वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, हेही त्यांतच आहे. चॅट बंद झाल्यावर मी ई-मेल केला, त्याला ११ दिवस झाले, पोचसुद्धा नाही. तेव्हा पूर्ण रक्कम परत करावी, पुस्तक तुमच्या खर्चाने न्यावं आणि ॲपवरच्या वर्णनातून ‘अधिकृत’ आणि ‘रंगीत’ हे शब्द काढावेत. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

पुस्तक मूळ खोक्यात परत भरून ठेवलं आहे. माणूस पाठवताना संध्याकाळी सहानंतर पाठवा, त्याआधी घरी कुणी नसतं.

आपली,
एक ग्राहक, पुणे
(नाव आणि ऑर्डर क्रमांक बिलावर आहेत)

सोबत : बिलाची प्रत, ॲपवरच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट, पान ९ आणि नकाशांचे फोटो